एल्मबीचा सरदार आणि सोमाजीचा कागद

१२ जुलै, शनिवार

ईशाचा निकाल लागला. पशुवैद्यकीची प्रवेश परीक्षा. राखीव यादीत नंबर एवढा वर आहे की ती स्वतःच दोनदा मोजत बसली. "मम्मी, सीट पक्की है." मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, सतरा वर्षं असंच चालू आहे.

प्रकाशची सेकंड शिफ्ट. भिलाईला प्लँटच्या आत फोन चालत नाही, म्हणून गेटवरून केला त्यानं. नुसता हसत राहिला.

मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, नातीचा निकाल ओरडून सांगावा लागला, कानाचं यंत्र काढून ठेवलं होतं. म्हणाले, "ढोराची डाक्टर?" मी म्हटलं हो. यंत्र कानात घालून मला परत सांगायला लावलं. मग, "चांगलं होय ते काम."

संध्याकाळी दोन तास सर रॉजर डी एल्मबीला दिले. मला ही वंशावळींची कामं देणाऱ्या क्लेअरनं लंडनहून नवे कागद पाठवलेत: रॉजर मेल्यावर राजाच्या अधिकाऱ्यानं केलेली चौकशी. कोणतं गाव कोणाकडून धरलं होतं, कोणत्या चाकरीच्या बदल्यात, वारस कोण, त्याचं वय किती. गिऱ्हाईक म्हणजे अ‍ॅल्डर नावाचे निवृत्त गृहस्थ. त्यांना रॉजरपासून स्वतःपर्यंत सलग वंशावळ हवी आहे. कॉलेजनं गेस्ट लेक्चरर कमी केले तेव्हापासून माझं हेच काम. इतिहासाची एम.ए. रायपुरात बसून कुण्या इंग्रजाचे सातशे वर्षांपूर्वीचे आजे-पणजे लावते आहे. पण काम आवडतं, हे इथं तरी खरं लिहावं.

१५ जुलै

ईशाच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो, स्थायी. शाळेत असताना काढलेला अस्थायी होता, त्याची मुदत संपलेली. कोणाच्या लक्षात नव्हतं. माझ्याही नाही.

नियम वाचला. वंशावळ, आणि पन्नास सालच्या आधी कुटुंब इथंच राहत होतं असा कागद. जमिनीचा, शाळेचा, सरकारी नोकरीचा, कसलाही.

प्र. जरा घाबरला. मी म्हटलं, "तू काहून टेन्शन घेतो, जुने कागद शोधायचंच तर काम करते मी." मजेत म्हटलं. काउन्सिलिंगची कागद तपासणी ऑगस्टच्या शेवटी. सहा आठवडे आहेत.

१७ जुलै

वंशावळ केली. ईशा, प्रकाश, दशरथ (मामाजी), सोमाजी. सोमाजीच्या वर कोण? मामाजींना आठवत नाही. "माह्या बापाच्या बापाले मी पाहिलंच नाही." अर्ध्या पानात संपली.

विचारलं, सोमाजी रायपूरला आले कधी? साल माहीत नाही त्यांना. पण का आले ते सांगितलं, आणि हे मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या गावात कोणाचं ढोर मेलं की ओढून न्यायला यांच्या घरी बोलावणं येई. सोमाजी सतरा-अठराचे. एकदा तापात होते तरी उठवून नेलं. बरे झाले आणि बायकोला घेऊन निघाले ते इथं. रेल्वेच्या लाइनवर रोजंदारीनं खडी टाकायला लागले. लाइनीच्या कडेला झोपडं. मामाजी तिथंच जन्मले.

"जमीन नोहती का काहीच?" मी विचारलं.

"त्याच्याकडं दोन हात होते," मामाजी म्हणाले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "कमी पडते का?"

२१ जुलै, सोमवार

कचेरी. साडेदहाला गेले, दोनला नंबर. टेबलावरचे बाबू सज्जन वाटले, पोरीचं नाव, मार्क विचारले, अभिनंदन केलं.

"मिसल में नाम है?"

मिसल म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या बंदोबस्ताची जमीनवही. त्यात खातेदाराचं नाव आणि जात असते. म्हटलं जमीन नव्हती, रेल्वेत मजूर होते.

"तो सर्विस बुक?"

रोजंदारीवर होते, कायम झाले पुष्कळ नंतर.

"दाखिल-खारिज? ससुरजी किस स्कूल में पढ़े?"

हे बरं विचारलं त्यांनी. शाळेचं नोंदणी रजिस्टर चालतं. उठताना म्हणाले, "नहीं तो मैडम, आप लोग महाराष्ट्र से बनवा लीजिए." म्हटलं तो इथल्या राज्याच्या सीटला चालत नाही. "हाँ," म्हणाले, "वो तो नहीं चलेगा." म्हणजे त्यांना ठाऊकच होतं.

२३ जुलै

सर रॉजरच्या जमिनींची यादी पूर्ण केली. एल्मबी गाव, वाडा आणि दोन नांगरांची शेती. मिकलहॅम इथल्या पाणचक्कीचा तिसरा हिस्सा. स्टोनार्थचं रान, त्याच्या बदल्यात वर्षाला एक गुलाबाचं फूल, उन्हाळ्यातल्या सणाच्या दिवशी द्यायचं. माशांच्या तळ्याचा अर्धा भाग. या सगळ्यासाठी अर्ध्या सरदाराची चाकरी, म्हणजे वर्षातून वीस दिवस घोडा आणि हत्यारं घेऊन हजर राहायचं.

मामाजी चहा घेऊन शेजारी बसले होते. "काय करून राहिली?" सांगितलं. अर्धा सरदार कसा असतो ते त्यांना काही केल्या पटेना. गुलाबाचं पटलं. "दिलं का पण त्यानं फूल?" म्हणाले. ते कागदात नाही.

२८ जुलै

शाळा सापडली. मामाजी शिकले ती पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, प्राथमिक शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली, पण जुनी रजिस्टरं तिथं गेली आहेत. मामाजी सोबत यायचंच म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्याला पट्टा, रिक्षात सारखे बाहेर बघत.

मुख्याध्यापिका दीदी भली. स्वतः कपाट उघडून दिलं. जाड वही, कडा कुरतडलेल्या, पण शाई चांगली. मी ओळीवर बोट ठेवून खाली येत होते, रोज स्क्रीनवर करते तसंच. अठराव्या पानावर सापडलं.

दशरथ वल्द सोमा. जाति महार. पिता का धंधा मजदूरी. निवास रेलवे लाइन.

मामाजींनी चष्मा पुसला, पण वाचलं नाही. माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा. "सोमा लिवलं हाय नं? बराबर?" बापाचं नाव लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी दाखल झाल्याची तारीख बघितली. जुलै एक्कावन. पन्नासच्या आधीची हवी होती.

दीदीला वाटलं काम झालं. तिनं पेढा मागितला. मी हो म्हटलं.

रिक्षात विचारलं, शाळेत उशिरा घातलं का तुम्हाला? म्हणाले, "लहान भाऊ होता नं. त्याले कोण पाहील? माय कामाले जाये. तो चालाले लागला मंग मले धाडलं." आठ वर्षांचे होते पहिलीत.

घरी येईपर्यंत त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी प्र. नं सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण मी असतानाच सांगायचं होतं.

३० जुलै

बाबूंनी प्रमाणित प्रत नीट वाचली. "ये तो इक्यावन का है."

म्हटलं, आठ वर्षांचं पोर पहिलीत आलं, ते काय आदल्या दिवशी गाडीतून उतरलं असेल?

"मैं समझ रहा हूँ मैडम. पर इसमें ये नहीं लिखा कि पहले से रह रहे थे."

त्यांचं चूक नाही. तसं लिहिलेलं नाहीच. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवायचे, कागद जेवढं म्हणतो तेवढंच घ्या, आपल्या मनचं त्यात घालू नका.

रेल्वेच्या ऑफिसातही जाऊन आले. तेवढे जुने मस्टर ठेवत नाहीत. कायम झाल्यानंतरची नोंद मिळेल, ती त्रेपन्नची.

ईशा चौबे कॉलनीत क्लासच्या मैत्रिणीकडं होती. फोन केला, "मिल गया?" म्हटलं बघू. पोरगी हुशार आहे. पुढं विचारलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज अ‍ॅल्डरांच्या कागदात एक नवी गोष्ट. रॉजर मेला तेव्हा त्याचा मुलगा जॉन लहान होता, म्हणून जमीन राजाच्या ताब्यात. जॉन एकवीसचा झाला की ती परत मागणार, पण एकवीसचा झाला हे सिद्ध कसं करायचं? जन्माचा दाखला तेव्हा कोणाकडं नव्हता. मग गावातली बारा माणसं बोलावली. प्रत्येकानं शपथेवर सांगायचं की जॉन जन्मला तो दिवस मला आठवतो, आणि का आठवतो.

एक म्हणतो, त्या आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. दुसरा, मी घोड्यावरून पडून पाय मोडला. तिसऱ्याचं घर जळलं. एक नुसता म्हणतो, मी चर्चमध्ये होतो, थंडी फार होती.

यातल्या अर्ध्या साक्षी साच्यातल्या असतात, एकाची नक्कल दुसऱ्या गावात सापडते. इतिहासवाले हसतात त्याला. पण चालल्या. बारा माणसं बोलली आणि जॉनला त्याचं गाव मिळालं.

लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात गेले. प्र. ला म्हटलं, आपल्या लाइनीवरचं जुनं माणूस कोणी जिवंत आहे का?

५ ऑगस्ट

बाबूंना विचारलं. साधं शपथपत्र चालत नाही. पण कागदच नसेल तर खेड्यात ग्रामसभा ठराव करते, शहरात पालिकेची सभा. त्याआधी जागेवर येऊन पंचनामा होतो, त्यासाठी साक्षीदार लागतात. "बुजुर्ग हों तो अच्छा." अर्ज दिला, पावती घेतली. वाट दिसते आहे.

७ ऑगस्ट

अप्पाराव. मामाजींबरोबर रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होते, पंचाऐंशीचे, मूळचे तेलुगू. मुलाच्या घरी व्हरांड्यात बसलेले. मामाजींना बघून उठायला गेले, उठता आलं नाही, मग बसूनच दोघांनी हात धरून ठेवले.

मी विषय काढला. अप्पाराव म्हणाले, "बहू, मैं तो बावन में आया. दशरथ को उसके बाद से जानता हूँ. झूठ कैसे बोलूँ?"

मामाजीच म्हणाले, "नहीं नहीं, झूठ मत बोलना."

निघताना अप्पाराव माझ्याकडं बघत नव्हते. काही चूक केल्यासारखे. मलाच लाज वाटली की मी विचारलं.

१० ऑगस्ट

सखूबाई. ब्याण्णवची. तिची नातसून पंडरीच्या कापड दुकानात कामाला आहे, तिच्याकडून पत्ता लागला. लाइनीच्या पलीकडंच राहते, आमच्यापासून वीस मिनिटं. एवढ्या जवळ राहून आम्ही कधी गेलो नाही.

दिसत नाही तिला, ऐकू मात्र लख्ख येतं. मामाजींचा आवाज ऐकून म्हणाली, "कोन, सोमाचा दशऱ्या का?" ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला. मामाजींचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं.

तिला जन्म आठवतो. "मी पोट्टी होती दहाएक वर्साची. मले धाडलं होतं सुईणीले बोलवाले. मी पळत गेली, पायात काटा भरला. सुईण आली तवा हा बाहेर आला होता. माही माय म्हणे, तुह्यापेक्षा पोट्टाच लवकर आला."

तीनदा सांगायला लावलं, तीनदा तेच. काटा डाव्या पायात.

येताना मामाजी म्हणाले, "हे मले कोणी सांगितलंच नोहतं."

१४ ऑगस्ट

पंचनामा झाला.

राजस्व निरीक्षक, म्हणजे महसूल खात्याचे, साडेतीनला आले. तरुण माणूस, गरमीनं बेजार, पाणी दोनदा मागितलं. आमच्याच अंगणात खुर्च्या टाकल्या. शेजारचे चार जण पंच. सखूबाईला ऑटोनं आणलं, ईशानं उचलूनच उतरवलं जवळजवळ.

सखूबाईनं सगळं सांगितलं, सुईण, काटा, सगळं. ईशा हिंदीत करून सांगत होती. निरीक्षक लिहीत होते.

"साल कौन सा था, अम्मा?"

"साल मले काय मालूम."

"अंदाज़ से?"

"काटा भरला होता बाबू. लय दिस दुखला."

त्यांनी पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, अम्मा ब्याण्णवच्या आहेत, तेव्हा दहाच्या होत्या, हिशेब लागतो. "अम्मा की उमर का काग़ज़ है?" आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी त्रेचाळीस, म्हणजे वय ब्याऐंशी. कोणीतरी अंदाजानं टाकलेलं. त्या हिशेबानं सखूबाई आणि मामाजी एकाच वयाचे.

मग मामाजींकडं वळले. "बाबा, आप यहीं पैदा हुए?"

मामाजी म्हणाले, "मैं कैसे बताऊँ साहब, मैं तो छोटा था."

पंच हसले. निरीक्षकही हसले, वाईट हसणं नव्हतं. मामाजी हसले नाहीत. त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं.

कागदावर लिहिलं: साक्षी आयु के कारण वर्ष बताने में असमर्थ. मी सही करायच्या आधी वाचलं. सखूबाईचा अंगठा घेतला. तिनं विचारलं, "झालं का दशऱ्याचं काम?" ईशा म्हणाली, "हव दादी, हो गया."

१८ ऑगस्ट

पंचनामा वर गेला. आता पालिकेच्या सभेसमोर प्रस्ताव. पार्षद भैया म्हणजे आमचे नगरसेवक, त्यांच्या घरी तीन फेऱ्या, आज भेटले. "दीदी, मेरी तरफ़ से पूरा समर्थन है. बैठक की तारीख़ आने दीजिए." तारीख कोण देतं? "ऊपर से आएगी."

काउन्सिलिंगची तपासणी २९ ला. अकरा दिवस.

२२ ऑगस्ट

अ‍ॅल्डरांची वंशावळ तुटली.

जॉन, ज्याच्यासाठी बारा माणसं बोलली, तो लग्नाआधीच मेला. जमीन दोन बहिणींत वाटली गेली, एल्मबी अ‍ॅलिसला, पाणचक्की आणि रान जोनला. अ‍ॅल्डर ज्या टॉमस डी एल्मबीपासून स्वतःला मोजतात तो या घरातला नाहीच. मग कुठला? तीन दिवस शोधून आज मिळाला. रॉजरच्याच जमिनींच्या यादीत, खाली, बांधील कुळांमध्ये. टॉमस, एल्मबीचा. अर्धी कुळजमीन. आठवड्यातून दोन दिवस मालकाच्या शेतावर राबायचं, सुगीत तीन. मालकाला विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. त्याच्या मुलाचं नाव, नातवाचं नाव, पुढं अ‍ॅल्डर आडनाव लागतं तिथपर्यंत धागा नीट जातो. म्हणजे सरदाराचे नाहीत ते. सरदाराच्या शेतावरच्या गड्याचे.

टॉमसचं नाव कागदावर आलं कारण तो जमिनीबरोबर मोजला जाई, बैलासारखा. सोमाजी निघून आले. म्हणून पन्नासच्या आधीच्या कुठल्याच वहीत नाहीत.

क्लेअरला सगळं लिहून पाठवलं, पुराव्यासकट. हे माझ्या हातून झालेलं या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम आहे, असं वाटतं.

२३ ऑगस्ट

पोळा. ब्राह्मणपाऱ्यातून येताना मातीचे बैल घेतले, मामाजींना लागतात. ईशानं बैलाचे खूर बघून सांगितलं की कुंभारानं खूर चुकीचा केला आहे, दोन भाग नाहीत. मामाजींनी लगेच चष्मा मागितला. दोघं बराच वेळ त्या बैलावर वाकून होते.

सभेची तारीख नाही.

२६ ऑगस्ट

अ‍ॅल्डर साहेबांचं उत्तर क्लेअरनं पुढं पाठवलं. माझ्या मेहनतीबद्दल आभार. ते एकोणऐंशीचे आहेत. घरात भिंतीवर एल्मबीची ढाल लावलेली आहे, नातवंडांना तीच गोष्ट सांगत आले. टॉमसचं पान अहवालात नसलं तर बरं. दोन बहिणींपाशी अहवाल थांबवावा, पुढं "नोंदी सापडत नाहीत" म्हणावं.

क्लेअर म्हणते, गिऱ्हाईकाची इच्छा, पान काढ.

नोंदी सापडत नाहीत. सापडल्या आहेत की.

प्र. ला सांगितलं. तो म्हणाला, "म्हाताऱ्याले काहून त्रास देतं. काढून टाक." मी काढलं. माझ्याकडच्या प्रतीत ठेवलं आहे, पण ती कोण वाचणार.

२९ ऑगस्ट

तपासणी.

फाइल: वंशावळ, एक्कावनची प्रत, पंचनामा, अर्जाची पावती, पार्षदाचं पत्र. मामाजी म्हणाले मीही येतो. नको म्हटलं, फार वेळ उभं राहावं लागेल. "मी बसून राहीन," म्हणाले. गेटवर झाडाखाली बसून राहिले, चार तास.

आत तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी एकेक कागद बघितला. भरपूर वेळ दिला, घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, "ये सब प्रक्रिया में है. मुझे प्रमाणपत्र चाहिए." मी विचारलं, पावतीवर तात्पुरतं? "इस राउंड में नहीं."

ईशानं मला थांबवलं, हाताला धरून. मग स्वतःच विचारलं, "मैम, जनरल में कर दीजिए?" बाईंनी तिच्याकडं पाहिलं. केलं.

खुल्या यादीत तिचा नंबर फार खाली येतो. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. तीच फाइल, तीच मुलगी, तेच मार्क.

बाहेर मामाजी उठून उभे राहिले. ईशा म्हणाली, "दादाजी, अभी बाक़ी है." खोटं म्हणता येत नाही.

१ सप्टेंबर

यादी लागली. नाव नाही.

ईशानं स्वयंपाक केला आज, कोणी सांगितलं नव्हतं. भात जरा करपला.

२ सप्टेंबर

प्र. आणि ईशा यांचं भांडण. तो म्हणतो, साधी बी.एस्सी. घे, वर्ष फुकट घालवू नको. ती म्हणते शेवटी उरलेल्या सीटांचा मॉप-अप राउंड होतो, तोपर्यंत सभा होईल. "और नहीं हुई तो?" प्र. हिंदीवर आला म्हणजे चिडला. "तो अगले साल फिर से परीक्षा." "और अगले साल काग़ज़ कहाँ से आएगा?" ती ताटं उचलायला लागली.

मामाजी आतल्या खोलीत होते. यंत्र कानात होतं, मला दिसलं.

नंतर मला हाक मारली. "सुजाता, माह्या बापानं तिकडंच राहाले पायजे होतं का?"

 इतिहास शिकवला वीस वर्षं. म्हटलं, "नाही मामाजी." ते म्हणाले, "मले बी नाही वाटत. पण मंग हे असं होते."

४ सप्टेंबर

ईशानं बी.एस्सी.चा फॉर्म भरला. झूलॉजी घेतलं. बापाला सांगितलं नाही, मला सांगितलं.

पार्षद भैयांचा फोन: सभा या महिन्यात होईल असं वाटतं. मागच्या महिन्यातही तसंच वाटत होतं त्यांना. मॉप-अप होणार, तारीख नाही.

सखूबाईकडं गेले होते, पोळ्याच्या करंज्या उरल्या होत्या त्या घेऊन. तिनं विचारलंच. म्हटलं चालू आहे.

७ सप्टेंबर, रविवार

क्लेअरनं नवं काम दिलं, दुसरं घराणं, दुसरा सरदार. उघडलं नाही अजून.

पंचनामा झाल्यापासून मामाजी रोज सकाळी चहा हातात घेतला की विचारतात, "बैठक झाली का?" मी नाही म्हणते, ते पेपर उघडतात. गेले तीन आठवडे एकही दिवस चुकला नाही.

आज विचारलं नाही. चहा घेतला, पेपर उघडला. ईशा समोर बसून केस विंचरत होती. मी ओट्यापाशी थांबून राहिले, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी पान उलटलं.

शेवटी मीच म्हटलं, "मामाजी, नाही झाली अजून."

"हव," म्हणाले, आणि पेपर वाचत राहिले.